शून्य आणि आडवी रेघ: एम.एस्सी. ‘बाय रिसर्च’ची तीन वर्षे

एम.एस्सी. झाल्याचे सांगितले की जीवशास्त्राशी संबंध असलेली माणसे लगेच विचारतात, ‘बाय पेपर्स की बाय रिसर्च?’ मुंबईसारख्या काही विद्यापीठांत विज्ञानाच्या पदव्युत्तर पदवीचे हे दोन रस्ते बरीच वर्षे शेजारी शेजारी चालत आले. पहिल्या रस्त्यावर वर्ग, प्रात्यक्षिके, लेखी परीक्षा आणि शेवटी एखादा छोटा प्रकल्प असतो. दुसऱ्या रस्त्यावर वर्ग जवळजवळ नसतातच. विद्यापीठाची मान्यता असलेला एक मार्गदर्शक, एक विषय, दोनेक वर्षांचे काम, त्यावरचा प्रबंध आणि मौखिक परीक्षा एवढाच सगळा मामला असतो. मी २०११ साली दुसरा रस्ता धरला आणि दोन वर्षांच्या पदवीला तीन वर्षे लावली. त्या तीन वर्षांबद्दल विद्यार्थी अधूनमधून विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवत आहे.

हा निर्णय फार विचारपूर्वक घेतला होता, असे म्हणणे खोटे ठरेल. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाल्यावर माझ्या बरोबरीच्या बहुतेक मुलींनी जैवतंत्रज्ञानाचे किंवा सूक्ष्मजीवशास्त्राचे अर्ज भरले. मला मात्र तिसऱ्या वर्षी आम्हाला प्राणिवर्तन शिकवणाऱ्या मॅडमकडेच काम करायचे होते आणि त्यांच्याकडे ‘बाय रिसर्च’ची एक जागा रिकामी होती. त्यांनी मला बसवून घेतले आणि तासभर समजावले की यात विद्यावेतन नाही, वसतिगृहाची खात्री नाही, वेळापत्रक नाही, आणि सगळ्यात वाईट म्हणजे काही चुकले तर ते चुकले आहे हे सांगणारी परीक्षाही नाही. ‘पेपर्सवाल्या मुलांना दर सहा महिन्यांनी कळतं आपण कुठे आहोत ते. तुला दोन वर्षं कळणार नाही,’ असे त्या म्हणाल्या. मला त्या वयात हे वाक्य धोक्याच्या सूचनेपेक्षा आमंत्रणासारखे वाटले. घरी चिपळूणला आईला एवढेच सांगितले की एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. ‘बाय’नंतरचा शब्द मी गाळला. खर्च भागवण्यासाठी संध्याकाळी दहावीच्या दोन शिकवण्या धरल्या.

विषय गांधीलमाश्यांचा होता. आमच्या महाविद्यालयाची जुनी दगडी इमारत, तिचे उंच झरोके आणि लाकडी खिडक्यांच्या चौकटी यांच्यामुळे रोपालिडिया मार्जिनाटा या गांधीलमाशीची पोळी तिथे बाराही महिने सापडत. ही माशी दक्षिण भारतात सर्वत्र आढळते. पेटीतल्या मधमाशीच्या पोळ्यासारखे झाकलेले काही तिच्याकडे नसते. लाकडाचे तंतू चावून केलेल्या राखाडी कागदाचे एकच उघडे पोळे एका देठाला टांगलेले असते आणि प्रत्येक कप्प्यात काय चालले आहे ते खालून सरळ दिसते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राघवेंद्र गदगकर यांनी या एका माशीच्या समाजजीवनावर कित्येक दशके काम केले आहे. गदगकर यांची पीएच.डी. रेणवीय जीवशास्त्रातली, जिवाणूंवर वाढणाऱ्या विषाणूवरची होती. गांधीलमाश्या पाहण्याचा छंद त्यांनी बाजूला जपला आणि पुढे तोच मुख्य व्यवसाय केला. ज्या महाविद्यालयात सेंट्रिफ्यूज दुरुस्तीला गेला की वर्षभर येत नाही, तिथल्या विद्यार्थ्याला अशा उदाहरणाचा केवढा आधार वाटतो हे सांगायला नको. माझ्या कामाचे साहित्य म्हणजे एक घडीची शिडी, एक टॉर्च, एक थांबे-घड्याळ, रंगाच्या सहा बाटल्या आणि लांब वह्या. तीन वर्षांत मी माश्यांवर जेवढा खर्च केला त्याहून अधिक खर्च प्रबंधाच्या छपाईवर आणि बांधणीवर झाला.

या माशीची राणी ओळखू येत नाही. मधमाशीची राणी लांबट असते आणि अनुभवी माणूस तिला क्षणात हेरतो. रोपालिडियाची राणी आकाराने, रंगाने, कशानेच कामकऱ्यांपासून वेगळी नसते. बरे, ती दांडगाईही करत नाही, बहुतेक वेळा एका कडेला शांत बसून असते. तिला ओळखण्याचा खात्रीचा मार्ग एकच, तिला अंडे घालताना पाहणे. म्हणून आधी प्रत्येक माशीवर रंगाची खूण करायची आणि मग वाट पाहत बसायचे.

खुणा करण्याचे काम रात्री चाले, कारण तेव्हा सगळ्या माश्या पोळ्यावर असतात. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटीनचा कागद लावायचा, कारण लाल उजेड माश्यांना फारसा जाणवत नाही. शिडीवर चढून, श्वास पोळ्यावर जाणार नाही अशा बेताने मान वळवून, उदबत्तीच्या काडीच्या टोकाने चटकन वाळणाऱ्या एनॅमल रंगाचा ठिपका माशीच्या पाठीवर टेकवायचा. ठिपका मोहरीच्या दाण्याहून लहान असावा लागतो. मोठा झाला तर रंग पंखांच्या मुळाशी ओघळतो आणि ती माशी आपल्या हातून निकामी होते. माझ्या हातून पहिल्या आठवड्यात अशा दोन निकामी झाल्या, त्यांची नोंद वहीत आहे. एक ठिपका छातीवर, एक पोटावर, म्हणजे सहा रंगांत छत्तीस माश्यांची नावे झाली: लाल-पिवळी, निळी-पांढरी, हिरवी-हिरवी. रात्रपाळीचे मामा खाली शिडी धरून उभे असत. ‘ताई, ह्यांना रंगवून तुम्हाला नोकरी लागते का?’ असे त्यांनी एकदा अगदी मनापासून विचारले होते आणि मला उत्तर देता आले नव्हते.

पहिल्या पोळ्याची राणी मला अकराव्या दिवशी सापडली. सकाळचे साडेनऊ वाजले असतील. पांढरी-लाल नावाची माशी, जिच्याकडे मी दहा दिवसांत जवळजवळ लक्षच दिले नव्हते, एका रिकाम्या कप्प्याशी आली, तिने डोके आत घालून तो तपासला, मागे वळली आणि पोटाचा भाग आत वाकवून स्तब्ध झाली. तिच्या स्पृशाही हलत नव्हत्या. काही मिनिटांनी ती उठली तेव्हा कप्प्याच्या भिंतीला तांदळाच्या कणीसारखे पांढरे अंडे चिकटलेले होते. मी धावत मॅडमच्या खोलीत गेले. त्यांनी चष्मा काढून विचारले, ‘वेळ लिहिलीस का?’ लिहिली नव्हती.

त्यानंतर त्यांनी मला जीन ऑल्टमन यांचा १९७४ सालचा, वर्तन निरीक्षणाच्या नमुनापद्धतींवरचा लेख झेरॉक्स करून दिला. वर्तनशास्त्रात काम करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हा लेख वाचावा लागतो. जे डोळ्यात भरते ते लिहायचे, ही आपली स्वाभाविक पद्धत किती फसवी असते हे तो दाखवतो: भांडण दिसते, बसून राहणे दिसत नाही, जवळची माशी दिसते, आडोशाची दिसत नाही. त्यामुळे कोणाकडे, किती वेळ आणि कशासाठी पाहायचे हे पाहण्यापूर्वीच ठरवावे लागते. आम्ही पाच मिनिटांचे तुकडे ठरवले. काही तुकड्यांत पोळ्यावर घडणारी ठरावीक प्रकारची प्रत्येक घटना लिहायची, तर काहींच्या आरंभी त्या क्षणी प्रत्येक माशी काय करते आहे एवढेच टिपून घ्यायचे. कोणता तुकडा केव्हा, हे चिठ्ठ्या टाकून ठरे. माझा प्रश्नही तोवर आकाराला आला होता. उन्हाळ्यात दुपारी काही माश्या पाण्याचे थेंब आणून पोळ्यावर पसरतात आणि पंखांनी वारा घालून ते थंड ठेवतात. हे पाणी आणण्याचे काम कोणीही करते की त्या माश्या ठरलेल्या असतात, आणि ठरलेल्या असल्या तर त्यांना पोळ्यावर मिळणारी वागणूक वेगळी असते का, एवढाच तो प्रश्न होता. सांगायला दोन वाक्ये लागतात, पण तिथे पोहोचायला पाच महिने लागले होते.

आता माझ्या चुकीबद्दल. दुसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यात, दोन उन्हाळ्यांच्या नोंदी हाताशी आल्यावर, मी त्या संगणकावर भरायला बसले. वहीत प्रत्येक माशीसमोर रकाना होता. तिने कोणावर हल्ला केला, कोणाकडून मार खाल्ला, अन्न दिले, घेतले, यांच्या संख्या त्यात होत्या. जिथे काही नव्हते तिथे मी सरसकट शून्य लिहिले होते. तक्ते भरले, सरासरी काढली, आणि फार सुंदर निष्कर्ष निघाला की पाणी आणणाऱ्या माश्या शांत असतात, त्या कोणाच्या अध्यात नसतात आणि मध्यात नसतात. मी त्यावर आठ पाने लिहून मॅडमना दिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक कागद पुढे केला. त्यावर दोन माश्या होत्या. दोघींचे पोळे आम्ही वीस तास पाहिले. पहिलीने दहा वेळा हल्ला केला, दुसरीने वीस वेळा. ‘जास्त आक्रमक कोण?’ मी म्हटले, दुसरी, तासाला एक हल्ला, पहिलीचा अर्धाच. मग त्यांनी खाली लिहिले की पहिली माशी त्या वीस तासांपैकी पाचच तास पोळ्यावर होती. म्हणजे तासाला दोन.

पाणी आणणारी माशी दिवसाचा मोठा भाग बाहेर असते, हे मला अर्थातच माहीत होते. ते माहीत असूनही ती नसताना तिच्यासमोर मी शून्य लिहीत होते. ‘तिने काही केले नाही’ आणि ‘ती तिथे नव्हतीच’ या दोन पूर्णपणे निराळ्या गोष्टींसाठी मी वहीत एकच चिन्ह वापरले होते. मॅडम रागावल्या नाहीत. ‘नव्हती तिथे आडवी रेघ मार. शून्य फार महाग असतं, ते बघूनच लिहायचं,’ एवढेच म्हणाल्या. सुदैवाने ठरावीक वेळी केलेल्या हजेरीच्या नोंदींत कोण पोळ्यावर होते हे वेगळे लिहिलेले होते, त्यामुळे सगळे काम वाया गेले नाही; पण कोणते शून्य खरे आणि कोणते खोटे हे पानापानावर पडताळून पाहण्यात माझे सव्वादोन महिने गेले. लाल शाईने मारलेल्या त्या रेघांनी वह्यांची पाने भरून गेली आहेत. सुंदर निष्कर्ष तर गेलाच. दुरुस्त आकड्यांवरून पाणी आणणाऱ्या माश्या इतरांइतक्याच भांडखोर दिसू लागल्या, काही तर अधिकच.

लेखी परीक्षेत ही चूक पकडली गेली असती का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. दर काढताना छेदात निरीक्षणाचा काळ घ्यावा, हे मला कोणी विचारले असते तर मी बरोबर लिहून गुण मिळवले असते. तेच ज्ञान शिडीवर उभे असताना, दुपारी दीड वाजता, घामाने पेन घसरत असताना हाताशी आले नाही. मॅडमनी प्रवेशाच्या दिवशी जे सांगितले होते त्याचा अर्थ मला त्या पावसाळ्यात कळला.

याच काळात एका तपासणी समितीच्या भेटीपूर्वी इमारतीची रंगरंगोटी निघाली. मी दोन दिवस घरी गेले होते. परत आले तो झरोके पांढरेशुभ्र, आणि आमच्या नऊ पोळ्यांपैकी सहा नाहीशी झालेली. रंगाऱ्यांनी झाडूच्या दांड्याने ती पाडून खाली जाळली होती. त्यांना दोष कसा देणार? त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. उरलेली तीन वाचली, कारण त्या खिडक्या मामांनी आतून कडी लावून बंद करून ठेवल्या होत्या आणि चावी सापडत नाही असे सांगितले होते. मी आभार मानले तेव्हा ते म्हणाले, ‘शिडी धरून धरून ओळख झाली ना ताई त्यांची.’

तीन पोळ्यांवर प्रबंध उभा राहतो का, हा पुढचा प्रश्न होता. माझा युक्तिवाद असा, की पोळी तीन असली तरी माश्या शंभराच्या घरात आहेत. मॅडमनी तो पहिल्याच फटक्यात मोडला. एकाच पोळ्यावरच्या चाळीस माश्या म्हणजे चाळीस स्वतंत्र नमुने होत नाहीत. त्या एकाच राणीच्या राज्यात, एकाच खिडकीत, एकाच उन्हात राहतात. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली या खोट्या नमुनावाढीवर लिहिले, तरी ती चूक आजही प्रसिद्ध होणाऱ्या लेखांत सापडते. शेवटी प्रबंधात आम्ही सर्वसाधारण दावा केलाच नाही. तीन पोळ्यांचे तपशीलवार वर्णन केले, प्रत्येक पोळ्यावर पाणी आणण्याचे बरेचसे काम मोजक्याच माश्यांनी केलेले दिसले एवढे नोंदवले, आणि याहून अधिक काही म्हणण्यास हा पुरावा अपुरा आहे असे स्पष्ट लिहिले. त्या वेळी ते वाक्य लिहिताना मला रडू आले होते. आज प्रबंध उघडला तर मला त्यातले तेवढेच वाक्य न बदलण्यासारखे वाटते.

या पदवीतली सगळ्यात मोठी उणीव मला वाचनात जाणवली. वर्ग नसल्यामुळे जे आपल्या विषयाला लागते तेवढेच आपण वाचतो. विल्यम हॅमिल्टन यांचा १९६४ सालचा सिद्धांत मी बारकाईने वाचला, कारण तो गांधीलमाश्यांशिवाय समजत नाही आणि त्याच्याशिवाय गांधीलमाश्या समजत नाहीत. या कीटकांत नर अफलित अंड्यातून जन्मतो, त्यामुळे एकाच आईबापांच्या सख्ख्या बहिणींत जनुकांचे साम्य पाऊण असते आणि आई-मुलीत मात्र अर्धेच. म्हणून स्वतःची अंडी घालण्याऐवजी बहिणी वाढवणे फायद्याचे ठरू शकते, असा तो युक्तिवाद आहे. रोपालिडियाची राणी अनेक नरांशी समागम करते, शिवाय राण्या बदलत राहतात, त्यामुळे पोळ्यावरचे प्रत्यक्ष नाते पाऊणपेक्षा बरेच खाली येते आणि सिद्धांताचा हा सोपा अवतार इथे पुरा पडत नाही. यावर मी तासभर बोलू शकत होते. पण प्रतिकारशक्तीशास्त्राचे किंवा वनस्पतींच्या शरीरक्रियेचे एक पानही तीन वर्षांत उलटले नव्हते. संशोधनवृत्ती आणि अध्यापकाच्या जागेसाठी पात्र ठरवणाऱ्या सीएसआयआरच्या नेट परीक्षेत जीवविज्ञानाचा पेपर दोनशे गुणांचा असतो आणि त्यात रेणूपासून परिसंस्थेपर्यंत सगळे असते. ‘पेपर्स’वाल्या मैत्रिणी पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात सुटल्या, मला चौथा प्रयत्न करावा लागला, आणि त्यासाठी एक पूर्ण वर्ष मी बी.एस्सी.ची पुस्तके पुन्हा वाचली.

कागदपत्रांचा भाग थोडक्यात सांगते. नोंदणीचे पत्र येण्यास सात महिने लागले आणि दोन वर्षांची मुदत कागदोपत्री तिथून सुरू झाली. प्रबंध सादर केल्यावर बाहेरच्या परीक्षकांचा अहवाल येण्यास आणखी पाच महिने गेले. पदवी हाती आली तेव्हा तिच्यावर ना गुण होते ना श्रेणी, कारण या मार्गात प्रबंध मान्य होतो किंवा अमान्य होतो. पण नेटच्या अर्जापासून अध्यापकाच्या जागेपर्यंत सगळीकडे ‘पदव्युत्तर पदवीत किमान ५५ टक्के’ अशी अट असते. अर्जात टक्क्यांचा रकाना रिकामा ठेवता येत नाही आणि संगणकाला आडवी रेघ चालत नाही. तसे प्रमाणपत्र मिळवण्यासाठी विद्यापीठाच्या चार फेऱ्या झाल्या. ज्यांना हा मार्ग धरायचा असेल त्यांनी प्रवेश घेण्याआधीच विचारावे की गुणपत्रक मिळते का, आणि नसल्यास त्याऐवजी कोणते पत्र मिळते.

आज पर्याय अधिक आहेत. आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञानशिक्षण आणि संशोधन संस्थांत बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाचे शेवटचे वर्ष संशोधनाला दिलेले असते. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात २००४ पासून वन्यजीवशास्त्राची एम.एस्सी. आहे, तीत वर्गही असतात आणि स्वतंत्र प्रबंधही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एम.फिल. बंद करताना दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे दुसरे वर्ष संपूर्णपणे संशोधनाला देण्याची मोकळीक ठेवली. आधी वर्षभर वर्ग आणि मग वर्षभर स्वतःचा प्रश्न, ही रचना मला माझ्या वेळच्या दोन्ही मार्गांपेक्षा बरी वाटते, मात्र एका वर्षात उन्हाळा एकदाच येतो. माझी चूक दुरुस्त झाली ती दोन उन्हाळे हातात होते म्हणून. ज्याचा प्रश्न ऋतूशी बांधलेला आहे त्याने पहिल्या वर्षाच्या सुट्टीतच कच्ची निरीक्षणे सुरू करावीत आणि मार्गदर्शकाशी त्याबद्दल प्रवेशापूर्वी बोलावे. शक्य असल्यास त्या मार्गदर्शकाकडे आधी काम केलेल्या दोन मुलांना भेटावे आणि त्यांच्या वह्या कोण तपासत असे एवढेच विचारावे.

माझ्या मौखिक परीक्षेला आलेले परीक्षक वयस्कर होते. त्यांनी प्रस्तावना, सिद्धांत, संदर्भसूची यांना हातही लावला नाही. त्यांनी मूळ वह्या मागवल्या, दुसऱ्या उन्हाळ्याची वही उघडली आणि लाल रेघांवर बोट ठेवून हे काय म्हणून विचारले. मी सगळे सांगितले, आधीचा निष्कर्ष कसा निघाला होता आणि कसा गेला तेही सांगितले. ते अर्धा तास पाने उलटत राहिले. मग एका पानावर थांबून म्हणाले, ‘इथे चौदा एप्रिलला, सव्वादोन वाजता, निळी-पांढरीसमोर शून्य आहे. हे खरं शून्य ना?’

मी हजेरीची नोंद काढून दाखवली. निळी-पांढरी पोळ्यावरच होती.